हायब्रिड हॅचबॅकला गिअर किती?

इंग्लंडमधल्या मराठी घरात टोयोटाची हायब्रिड यारिस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली छोटी गाडी, आली की भारतातून आलेले पाहुणे आधी तिचं चार्जिंगचं सॉकेट शोधतात. ते नसतंच. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे ही आपली आपण चार्ज होते?" यात पाहुण्यांचा दोष नाही. 'सेल्फ-चार्जिंग हायब्रिड' अशी जाहिरात युरोपात जोरात झाली. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० मध्ये ती दिशाभूल करणारी ठरवली, आणि माझ्या मते बरोबरच केलं. या गाडीतली सगळी ऊर्जा पेट्रोलपंपावरूनच येते. मोटरने जनरेटर फिरवायचा आणि त्याच विजेवर पुन्हा मोटर चालवायची, असले फुकट विजेचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अजून फिरतात. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शाळेत सगळेच शिकतात, पण फॉरवर्ड करताना तो आठवत नाही.

मग बचत कुठून होते? थोडा हिशेब करू. चार माणसं धरून गाडीचं वजन १३०० किलो, वेग ताशी ५० किलोमीटर. गतिज ऊर्जा साधारण सव्वा लाख ज्यूल, म्हणजे ३५ वॉट-तास. साध्या गाडीत सिग्नलला ही ऊर्जा ब्रेक तापवून संपते. हायब्रिडमध्ये मोटर उलट जनरेटरचं काम करते आणि त्यातली बरीचशी बॅटरीत जाते. २०२० च्या यारिसची बॅटरी फक्त ७६० वॉट-तासांची आहे. लोक तिला हसतात, पण एकेका सिग्नलला ३५ वॉट-तासच यायचे असतील तर मोठी बॅटरी म्हणजे नुसतं ओझं.

ब्रेकचं मात्र अर्धंच श्रेय. पेट्रोल इंजिन एका ठरावीक पट्ट्यातच चांगलं चालतं. यारिसचं १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन उत्तम स्थितीत पेट्रोलमधली सुमारे ४० टक्के ऊर्जा कामाला लावतं, आणि ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना कुठलंही इंजिन यापेक्षा बरंच खाली येतं. म्हणून इंजिनाला त्याच्या पट्ट्यात ठेवायचं, नाहीतर सरळ बंद करायचं. हे जमवणारा भाग माझा अत्यंत लाडका आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

त्याचं नाव प्लॅनेटरी गिअर. मधोमध 'सूर्य' चक्र, भोवती फिरणारी छोटी 'ग्रह' चक्रं, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दाते असलेलं कडं. ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला इंजिन जोडलेलं, सूर्याला पहिली मोटर, आणि कड्याला चाकं व दुसरी, मोठी मोटर. १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटाची मूळ कल्पना हीच. त्या प्रियसमध्ये सूर्याला ३० दाते, कड्याला ७८. म्हणून सूर्याचे फेरे गुणिले ३० अधिक कड्याचे फेरे गुणिले ७८ बरोबर इंजिनाचे फेरे गुणिले १०८. एवढंच समीकरण.

आता गंमत बघा. गाडी उभी आहे, कडं स्थिर. पहिल्या मोटरने सूर्य मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी फिरवला की इंजिन १००० फेऱ्यांवर येऊन सुरू होतं. वेगळा स्टार्टर लागतच नाही. गाडी धावायला लागली, इंजिन २००० फेऱ्यांवर बसवलं. कडं १००० वर असताना सूर्य ४६०० वर असतो. वेग वाढून कडं २००० वर गेलं की सूर्यही उतरून २००० वर येतो. चाकांचा वेग दुप्पट झाला आणि इंजिनाला पत्ताही नाही! गिअर बदलला नाही, क्लच नाही, बेल्ट नाही. आणि रिव्हर्स? मोठी मोटर उलटी फिरते, बस.

वेगाचं झालं, जोराचं काय? खांद्यावरची कावड डोळ्यांसमोर आणा. इंजिन म्हणजे खांदा, एका टोकाला कडं, दुसऱ्या टोकाला सूर्य. खांदा कड्याच्या बाजूला सरकलेला आहे, म्हणून इंजिनाच्या जोरातला ७२ टक्के कड्याला म्हणजे चाकांना मिळतो आणि २८ टक्के सूर्याला. पण सूर्याच्या टोकाचा भार काढला तर कावड पलटते. तसंच पहिल्या मोटरने जनरेटर बनून अडवून धरलं नाही तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. त्या अडवण्यातून निघालेली वीज बॅटरीत साठते किंवा थेट दुसऱ्या मोटरला जाते, आणि तिथून चाकांना. भारतात २०२२ मध्ये आलेल्या हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्येही हेच आहे. नुसता 'हायब्रिड' बिल्ला लावलेल्या माइल्ड हायब्रिडमध्ये मात्र नाही. तिथली छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी चालवत नाही. बिल्ल्यावर जाऊ नका.

लेक डिस्ट्रिक्टमधल्या कर्कस्टोन खिंडीतून अँबलसाइडला उतरणारा 'द स्ट्रगल' नावाचा रस्ता आहे. सुमारे ४०० मीटरचा उतार. बॅटरी वाटेतच भरते. मग लिव्हर 'बी' वर घेतला की पहिली मोटर पेट्रोलशिवाय इंजिन फिरवते आणि नको असलेली ऊर्जा त्यात खर्ची पडते. इंजिनाची घरघर ऐकून मागे बसलेल्यांना वाटतं पेट्रोल जळतंय, जळत नसतं.

घरची गाडी म्हणून? चौघांना पुरते. डिकी २८६ लिटरची, तेव्हा हीथ्रोवर आईबाबांच्या चार मोठ्या बॅगा आणायला दुसऱ्याची गाडी मागावी लागते. मोटरवेवर ब्रेकच लागत नाहीत, त्यामुळे शहरातला फायदा तिथे घटतो. जानेवारीत मुलांना शाळेत सोडण्याच्या छोट्या फेऱ्यांतही घटतो, कारण हीटरला इंजिनाचीच ऊब लागते.

आणि महिनाभर भारतात जाऊन आल्यावर गाडी जागची हलेना, तर मोठ्या बॅटरीला दोष देऊ नका. यारिसमध्ये एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. गाडीतले संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले तिच्यावर चालतात. ती उतरली की मोठी भरलेली असूनही उपयोग नाही. इंजिन फिरवण्याचं काम तिच्याकडे नसल्याने थोड्याशा बाहेरच्या विजेवरही गाडी सुरू होते. निघण्यापूर्वी तिला घरच्या विजेवरचा छोटा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवला तर तेही करावं लागत नाही.