भिंतीवरचा ६८
पुण्या-ठाण्याहून बॉस्टनच्या उपनगरात गेलेल्या कुणी तिथलं जुनं घर घेतलं, की तळघरात अनेकदा घर तापवायच्या तेलाची एक लोखंडी टाकी भेटते. साधारण २७५ गॅलनची, म्हणजे हजारेक लिटरची. तेलवाला बाहेरून नळी लावतो तेव्हा टाकी शिट्टी वाजवत राहते. शिट्टी थांबली की टाकी भरली. तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, फक्त रस्त्यावरचा कर चुकवून कुणी गाडीत ओतू नये म्हणून लाल रंगवलेलं.

पूर्वी याच तळघरांत कोळसा असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलानं तो हटवला, कारण पहाटे उठून फावडं मारायला नको आणि राख उपसायला नको. तेल इतकं स्वस्त होतं की भिंतीत उष्णता धरून ठेवणारा भराव घालण्याची किंवा खिडकीला दुहेरी काच लावण्याची फारशी कुणाला गरज वाटली नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरला टेकलं. ७ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी दूरदर्शनवरून सांगितलं, की घरातलं तापमान ६ अंश उतरवा, दिवसा सरासरी ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस ठेवा. एवढ्या तापमानात तब्येत उलट चांगली राहते असं माझे डॉक्टर म्हणतात, अशी पुस्तीही जोडली! अमेरिकेत आजही थर्मोस्टॅटचा, म्हणजे घरातलं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राचा विषय निघाला की हाच ६८ चा आकडा पुढे येतो.

फेब्रुवारी १९७७ मध्ये नवे अध्यक्ष कार्टर स्वेटर घालून शेकोटीजवळ बसले आणि दिवसा ६५, रात्री ५५ म्हणाले. तेव्हा टंचाई नैसर्गिक वायूची होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो स्वेटर. माझ्या मते खरी बचत स्वेटरनं झाली नाही. ती झाली फटी बुजवून, माळ्यावर भराव घालून आणि तेल-हवा नीट मिसळून ज्योत आवळून धरणाऱ्या नव्या बर्नरांनी. गरिबांच्या घरांच्या अशा डागडुजीची सरकारी योजना १९७६ च्या कायद्यातली.

तेलविक्रेत्यांचा हिशेब मात्र याहून जुना आहे. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटमधून वजा करायचं. सरासरी २५ असली, तर त्या दिवसाचे ४० ‘डिग्री-डे’. अमुक घर ५ डिग्री-डेला एक गॅलन जाळतं हे वहीत असलं, की आज तिथं ८ गॅलन गेले हे टाकीत न डोकावता कळतं. घरमालकालाही हाच आकडा कामाचा: फटी बुजवल्यावर ५ चे ६ झाले, तर खर्च फळला. नुसतं बिल पाहून ते कळत नाही, कारण यंदाची थंडीच कमी असू शकते.

२००० च्या जानेवारीत कडाका आणि अपुरा साठा एकदम आले. भाव भडकले, आणि त्याच वर्षी सरकारनं अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांसाठी २० लाख पिंप तेलाचा राखीव साठा केला. आता तिथल्याच मेन राज्यात हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारी यंत्रं, झपाट्यानं बसताहेत; एक लाखाचं उद्दिष्ट मुदतीच्या दोन वर्षं आधी, २०२३ मध्येच पुरं झालं. तळघरातली टाकी मात्र अनेकांनी अजून काढलेली नाही.