साइन थीटा मूळचा धनुष्याच्या दोरीचा

साइन थीटा, कॉस थीटा सगळ्यांनी घोकलेलं असतं, पण हा साइन आला कुठून हे विचारायला वेळ कुणाला, पेपर सुटला की विषय संपला. तर भूमितीतली वर्तुळाची जीवा आठवतेय ना, ती या साइनची थेट पूर्वज. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. कंस हे वाकलेलं धनुष्य आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेघ ही दोरी.

आता व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं "सगळं आपलंच" असं काही नाही हां, जीवांची कोष्टकं ग्रीकांकडे आधीपासून होती, टॉलेमीचं तर प्रसिद्धच आहे. आपल्याकडे जे झालं ते म्हणजे अख्खी जीवा सोडून अर्धी घेतली, अर्धज्या, आणि त्यामुळे काटकोन त्रिकोण आयताच हातात आला. मला खरी कमाल ही वाटते. आर्यभटाने 499 च्या सुमारास त्याचं कोष्टक दिलं, तेही काटकसरीने, दर पावणेचार अंशांवरच्या अर्धज्यांमधले नुसते 24 फरक: 225, 224, 222, 219, 215, 210, 205, 199... हे पहिले आठ मिळवा, 1719 येतात, ही झाली 30 अंशाची अर्धज्या. त्याने धरलेली त्रिज्या 3438 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). भागून बघा, बरोब्बर अर्धा!

पुढे बोलताना 'अर्ध' गळलं, नुसती जीवा उरली, आणि ती अरबीत गेली 'जीबा' होऊन. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येतात, म्हणजे कपड्याची घडी, छातीवरचा भाग, खिसा (हिंदीतला जेब तोच). बाराव्या शतकात लॅटिन अनुवाद करणाऱ्यांनी त्याला घडी-पोकळी अशा अर्थाचा शब्द दिला, सायनस. हो, सर्दीत ठणकतो तो सायनस पण त्याच शब्दातून आलाय! श्रेय बहुतेक वेळा टोलेडोच्या जेरार्ड ऑफ क्रेमोनाला देतात, काही जण रॉबर्ट ऑफ चेस्टरला.

यावरून अनुवादकाला हसायची पद्धत आहे, पण ते काही पटत नाही, कारण अरबीत आजही साइनला जैबच म्हणतात, त्याने समोर होतं त्याचं भाषांतर केलं. कोसाइन मात्र उशिरा आला, 1620 मध्ये इंग्रज गणिती एडमंड गंटरने 'कोटिकोनाचा (म्हणजे 90 अंशाला उरलेल्या कोनाचा) साइन' आखूड करून तो बनवला, आपल्याकडे त्याला कोटिज्या हे नाव आधीपासूनच होतं.