हाक्यातून निघालेलं अस्वल

पुणेकराला अस्वल दिसतं ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी एक आठवतं: दरवेश्याच्या मागून गल्लीत आलेलं, नाकात दोरी ओवलेलं. या दोन्हींच्या आधीचं एक अस्वल आहे, वाघाच्या शिकारीला निघालेल्या बंदूकवाल्यांसमोर अवचित उभं ठाकलेलं. 'चिडकं, विनाकारण अंगावर येणारं' ही अस्वलाची ख्याती बरीचशी त्याच गाठभेटींतून पसरली. त्या गाठी का पडत, हे शिकारीची रीत समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांची मोठी छावणी वसली. इथल्या अधिकाऱ्यांची मोठ्या शिकारीची ओढ प्रामुख्याने खानदेश आणि सातपुड्याकडे असे. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम तिथल्या शिकारीसाठीही नावाजलेला होता. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि पुण्याहून भुसावळ गाठणं सोपं झालं. पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा घोड्यावरून. रजा मिळे ती उन्हाळ्याची, आणि शिकारीलाही तीच सोयीची. चैत्र-वैशाखात पानगळ झालेली असते, दूरचं दिसतं, पाणवठे मोजके उरल्याने वाघाचा ठाव काढता येतो.

पण हेच दिवस मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रभर टपटपतात आणि अस्वल ती पहाटेपर्यंत वेचत राहतं. पाठोपाठ टेंभुर्णी पिकते, मग जांभळं. म्हणजे शिकारी आणि अस्वल एकाच महिन्यात, एकाच नाल्याला, बऱ्याचदा एकाच वेळी. दिवसा ते गुहेत, दगडांच्या कपारीत किंवा घाणेरीच्या दाट जाळीत झोपून असतं. वाघाचा हाका, म्हणजे आरडाओरडा करत जनावराला बंदुकांकडे हाकलणं, चालायचा तोही दिवसाच.

हाका असा लावत: वाघ ज्या झाडीत बसला असेल तिच्या एका टोकाला बंदुका, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर मचाणात. दोन्ही बाजूंना झाडांवर अडवे बसवायचे. जनावर बाजूला फुटू लागलं की त्यांनी खोडावर काठीने हलकं टकटक करायचं. दुसऱ्या टोकाकडून हाकेवाले ढोल, डबे, आरोळ्या करत अर्धवर्तुळात पुढे सरकायचे. वाघ पहिल्या आवाजालाच उठतो आणि हाकेवाल्यांच्या बराच पुढे, दबकत चालतो. अस्वलाचं तसं नाही. त्याचं नाक अतिशय तीक्ष्ण, पण नजर अधू आणि कानही फारसे तिखट नाहीत. त्यात हाका वाऱ्याच्या उलट दिशेने येत असेल तर माणसं दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच नसे. मग ते दचकून उठे आणि पुढे मचाणाकडे न जाता मागे, हाकेवाल्यांच्या रांगेतूनच फुटे.

तिथे माणसाच्या हातात फक्त काठी. मचाणावरची बंदूक त्या वेळी निरुपयोगी. झाडीत काय चाललंय ते वरून दिसत नाही आणि त्या दिशेला गोळी झाडली तर माणसालाच लागायची भीती. हाक्यात अस्वलाने ज्यांची तोंडं फाडली त्यांत साहेब क्वचित. भिल्ल, कोरकू, गोंड हाकेवालेच जास्त. शिकारीच्या कित्येक वर्णनांत त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलेला दिसतो, नावाशिवाय. वाचताना ती ओळ टोचल्याशिवाय राहत नाही.

अस्वल मचाणाकडे आलंच तर वाघाच्या हाक्यात त्याच्यावर बार काढायचा नाही, असा दंडक होता. कारण साधं. गोळी लागलेलं अस्वल फार मोठ्याने, बराच वेळ ओरडतं, आणि त्या आवाजाने मागून येणारा वाघ बाजूला फुटतो. दंडक मोडला जाई तेव्हा वाघही जाई आणि जखमी अस्वल मात्र झाडीत उरे.

खास अस्वलासाठी जायचं तर रीत वेगळी. गुहेचा माग लागला की उजाडण्याआधी तिच्या वरच्या अंगाला, वाऱ्याखाली (वारा अस्वलाकडून आपल्याकडे येईल असं), न बोलता बसायचं. रात्रभर चरून अस्वल परत येतं तेव्हा ते खालून वर येताना दिसतं. खालच्या बाजूला बसणं घातक, कारण घायाळ जनावर उतारानेच धावतं किंवा गडगडतं आणि शिकारी नेमका त्याच्या वाटेत येतो. नेमही चुके तो केसांमुळे. खांद्यावरची आयाळ इतकी लांब असते की शरीर आहे त्याहून उंच भासतं आणि गोळी नुसत्या केसांतून निघून जाते. रक्ताचा मागही फसवा. लांब केस आणि चरबी रक्त धरून ठेवतात, त्यामुळे बऱ्याच अंतरापर्यंत थेंब सापडत नाही आणि नवखा समजतो, नेम चुकला.

हत्यारांनी धोका कसा वाढवला हेही बघण्यासारखं आहे. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती. गोळी साधारण ३८ ग्रॅमची. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, दुनळीचे दोन बार झाले की पुन्हा दारू, गोळी, गज, टोपी हे सगळं करायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागे. अस्वल वीस पावलं दोन-तीन सेकंदांत कापतं. म्हणून दुसरी भरलेली बंदूक घेऊन एक माणूस मागे उभा असायचा, आणि तो पळाला की सगळंच संपलं. काळ्या दारूचा धूर तर दमट सकाळी तोंडासमोरच लोंबकळत राही. अस्वल पडलं की येतंय ते धुरातून बाहेर पडेपर्यंत कळत नसे. बिनधुराची दारू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली तेव्हा हा एक भाग सुटला. अंतराचा प्रश्न तसाच राहिला.

मोठा नर ८० ते १४५ किलोचा, मादी त्याहून लहान. पुढच्या पायांची नखं ७-८ सेंटिमीटरची, वारूळ फोडण्यासाठी घडलेली. वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. (१७९१ मध्ये जॉर्ज शॉने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा नखं आणि दात पाहून त्याला अस्वल न मानता दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या गटात घातलं होतं.) वाळवी ओढताना त्याला स्वतःच्या गोंगाटापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस जवळ येऊन ठेपतो, ते मागच्या पायांवर उठतं आणि नखं थेट डोकं, डोळे, गाल यांवर येतात. 'अस्वल गुदगुल्या करून मारतं' ही समजूत ज्यांनी अशी जखम पाहिली त्यांची नक्कीच नसणार. प्रतिजैविकं येण्यापूर्वी चिघळलेली जखमच पुष्कळदा जीव घेई. जाणते शिकारी पोटॅशियम परमँगनेटचे खडे बरोबर ठेवत आणि त्याच्या पाण्याने जखम खोलवर धूत.

पिल्लं कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. आई मारली की ती आयती हाती लागत आणि दरवेश्यांकडे जात. तापलेल्या सळईने नाक टोचणं, दात पाडणं हे त्यानंतरचं. ही प्रथा देशात २००९ च्या सुमारास थांबली.

कायद्याची वाट लांबची. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला, पण तो शिकार परवान्यांतून नियंत्रित करणारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटलं. आज अस्वल त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कलम ११ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. मात्र ते करणारा त्या वेळी कायदा मोडत असेल तर ही सवलत नाही, आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं.

पुण्याहून कोयना, चांदोली, राधानगरीकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या रानांत अस्वल आहे. भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीतून जाणं टाळावं; जावंच लागलं तर बोलत, काठी आपटत जावं. शिकाऱ्याला शांतता हवी असे, आपल्याला नको. कुत्रा नेऊ नये. तो अस्वलाला भुंकून चिडवतो आणि ते मागे लागलं की धावत मालकाकडेच येतो. शाळेतल्या गोष्टीतला मित्र उताणा पडून श्वास रोखतो, तसं करू नये. अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडावं, चेहरा जमिनीत लपवावा आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून मान झाकावी.