आधी खेळण्याची किंमत

मेंढीकोटात उतारी करणाऱ्यापेक्षा शेवटचं पान टाकणारा भिडू निवांत असतो. तिघांची पानं समोर उघडी पडलेली असतात. हात घ्यायचा की सोडायचा, हे तो बघून ठरवतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' किंवा 'हार्थस्टोन' हे स्वतःची गड्डी जुळवून खेळायचे पत्त्यांचे खेळ खेळणारे मात्र बहुतेक वेळा आधी खेळायला मिळावं म्हणून आसुसलेले असतात. मागून खेळणाऱ्याला समोरच्याची चाल तिथेही दिसते. मग ओढ उलटी का?

कारण तिथे वेळ माहितीपेक्षा महाग असतो. हार्थस्टोनमध्ये पान खेळायला 'माना' खर्चावा लागतो. पहिल्या पाळीला एक माना, दुसरीला दोन, असं वाढत तो दहापर्यंत जातो. कागदावर मांडून पाहा. पहिल्या खेळाडूची तिसरी पाळी खेळून होते तेव्हा त्याला एकूण १+२+३ म्हणजे ६ माना मिळालेला असतो, दुसऱ्याला ३. दुसरा खेळला की बरोबरी. पुढच्या पाळीला १० विरुद्ध ६, पुन्हा बरोबरी. दुसरा दर वेळी पहिल्याला गाठतो, पण पुढे कधीच जात नाही. आधी उतरलेलं पान आधी हल्ला करतं आणि समोरच्याला बचावात गुंतवून ठेवतं.

ही तूट भरून कशी काढायची? रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला मॅजिक हा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्यात दोघेही सात पानांनी सुरुवात करतात, पण दोघांच्या डावात आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीला नवं पान ओढता येत नाही. हार्थस्टोनमध्ये पहिल्याला तीन पानं, दुसऱ्याला चार आणि वर एक 'नाणं'. हे नाणं एकदाच वापरता येतं आणि त्या पाळीपुरता एक माना जास्त देतं. मला ही कल्पना फार आवडते, कारण भरपाई कधी वसूल करायची हे खेळाडूवरच सोडलेलं आहे. पण नाणं हेही एक पानच. 'रोग' (Rogue, म्हणजे ठग) या पात्राची काही पानं, त्याच पाळीत आधी दुसरं एखादं पान खेळलेलं असेल तर जास्त जोरदार चालतात. त्याच्या हाती फुकटात खेळता येणारं नाणं म्हणजे दुहेरी लाभ. भरपाई सगळ्यांना सारखी, मोल मात्र प्रत्येकाच्या गड्डीप्रमाणे वेगळं.

'गो' या पटाच्या खेळात हे सोपं जातं. तिथे मागून खेळणाऱ्या पांढऱ्याला थेट गुण देतात: जपानमध्ये साडेसहा, चीनमध्ये साडेसात. गुण थोडेफार वाढवता-घटवता येतात. पत्त्यांत अर्धं पान देता येत नाही.

दिलेली भरपाई पुरेशी आहे का, हे मोजूनच कळतं, आणि मोजायला लागणारे डाव आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त असतात. समजा, दोघांना अगदी समान संधी आहे. तरी १०० डावांत निव्वळ नशिबाने निकाल पाच डाव इकडे-तिकडे सहज सरकतो. त्यामुळे शंभरात ५२ वेळा पहिला जिंकला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. २,५०० डावांत मात्र हाच सहज फरक एक टक्क्यावर येतो, आणि तेव्हा ५२ टक्के दिसले तर संशय घ्यायला जागा आहे. चार मित्रांनी सुट्टीभर खेळून 'दुसऱ्यावर अन्याय होतो' असं ठरवलं, तर त्यांचा अनुभव खोटा नसतो. डाव कमी पडलेले असतात.

२०२२ साली आलेल्या 'मार्व्हल स्नॅप' या पत्त्यांच्या खेळाने आळीपाळीने खेळणंच काढून टाकलं. दोघेही एकाच वेळी पानं मांडतात. पण ती उलगडायची तर काही क्रम लागतोच, आणि तो असा ठेवला आहे: त्या क्षणी जो पुढे असेल त्याची पानं आधी उघडतात. समोरच्याची उघडलेली पानं नष्ट करणारं पान हाती असेल, तर आपलं पान नंतर उघडलेलं बरं. म्हणून जाणते खेळाडू सहा पाळ्यांच्या त्या डावात कधी कधी पाचव्या पाळीला मुद्दाम मागे राहतात.