कोरड्या शीट्स, बंद झाकण: स्लो कुकरमधला लझानिया

लझानिया म्हणजे पास्त्याच्या चपट्या शीट्स, सॉस आणि चीज यांचे एकावर एक थर. तो स्लो कुकरमध्ये, म्हणजे अन्न तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, करताना शीट्स आधी उकडायच्या नाहीत. पाकिटातून काढलेल्या कडक शीट्स तशाच रचायच्या, गोल भांड्यात बसत नसतील तर मोडून बसवायच्या. हा कामचुकारपणा वाटेल, पण पदार्थ जमतो तो त्यामुळेच.

कारण पाण्यात आहे. ओव्हनमध्ये 180-190 अंश सेल्सिअसची कोरडी हवा वरचं पाणी उडवून नेते आणि सॉस आटतो. स्लो कुकरमध्ये अन्न हळूहळू उकळीच्या जवळ पोचतं आणि तिथेच राहतं. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते परत खाली ठिबकतं. टोमॅटोत सुमारे 94 टक्के पाणी असतं. बंद भांड्यात ते जाणार कुठे?

शीट्समध्ये. कोरडा पास्ता शिजताना स्वतःच्या वजनाइतकं, बहुधा त्याहून थोडं जास्तच पाणी पितो. पाव किलो शीट्स म्हणजे सॉसमधलं पाव लिटरच्या वर पाणी गेलं. त्याच शीट्स आधी उकडल्या असत्या, तर त्यांनी नळाचं पाणी प्यायलं असतं आणि सॉस तळाशी पातळ राहिला असता. आपल्या वरणफळांतही हेच होतं: कच्ची फळं वरणातच शिजतात, वरण पितात आणि त्याला दाटपणाही देतात. शिवाय आत शिरणारं पाणी मीठ आणि टोमॅटोची आंबट चव घेऊन जातं, म्हणून अशा शीटला स्वतःची चव असते.

शीट ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याची असते. तिच्यात पिष्टाचे कण प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असतात. तापमान 60-70 अंशांच्या पुढे गेलं की कण पाणी ओढून फुगतात, आणि जाळं त्यांना फुटून बाहेर पडू देत नाही. कारखान्यात जास्त तापमानाला वाळवलेल्या पास्त्यात हे जाळं अधिक घट्ट होतं, म्हणून तो जास्त वेळ तग धरतो. पण कायमचा नाही. तासांमागून तास गेले की जाळं सैल पडतं, पिष्ट बाहेर येतं आणि थरांचा लगदा होतो. कुकरच्या ‘लो’ या मंद सेटिंगवर चार तासांच्या आसपास लझानिया तयार होतो, सकाळी लावून संध्याकाळी कामावरून आल्यावर उघडायचा हा पदार्थ नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

स्लो कुकर जन्मला तो कडधान्यांसाठी. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईने त्यांना विल्ना शहरातल्या, म्हणजे आजच्या विल्निअसच्या, चोलंटबद्दल सांगितलं होतं. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून ज्यू कुटुंबं आदल्या संध्याकाळी घेवडा-मांसाच्या या पदार्थाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत. 1971मध्ये रायव्हल कंपनीने तेच तंत्र ‘क्रॉकपॉट’ या नावाने अमेरिकेत विकायला आणलं आणि पुढे इटालियन-अमेरिकन लझानियाही त्यात शिरला. घेवड्याला मिळणारे लांब तास पास्त्याला मात्र सोसत नाहीत.

इटलीतल्या बोलोन्यात लझानिया रागू (खिम्याचा सॉस) आणि बेशामेल (दुधाचा पांढरा सॉस) यांचा. अमेरिकेत रिकोटा आणि मोझरेलाचा. ही दोन चीज वेगळी वागतात. मोझरेला रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) विरजलेलं असल्याने तापलं की त्यातली केसीन या दुधातल्या प्रथिनाची जाळी सैल होऊन ते वितळतं, पण फार वेळ तापत राहिलं तर तूप सोडून चिवट होतं. वरचा थर म्हणूनच शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालावा. रिकोटा उष्णतेने गोठलेल्या प्रथिनांचा, तो वितळत नाही. थरांमध्ये जागा धरून राहतो.

वरचं चीज सोनेरी होणार नाही, हे आधीच मान्य करावं. त्या खमंगपणासाठी साधारण 140 अंश लागतात, आणि ओल्या पृष्ठभागाचं तापमान शंभरापुढे जात नाही. कडा तेवढ्या तांबूस होतात, कारण बहुतेक स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या बाजूंनी फिरवलेली असते. खमंगपणा हवा तर खिमा आधी कढईत चांगला परतावा. त्याने खिमा गरमच भांड्यात जातो आणि 4 ते 60 अंशांमधला, जिवाणूंना मानवणारा टप्पाही लवकर ओलांडला जातो.

झाल्यावर कुकर बंद करून, झाकण काढून अर्धा तास थांबावं. निवताना पिष्ट घट्ट होतं आणि तुकडे सुबक कापता येतात. उरलेला लझानिया फ्रिजमध्ये ठेवावा. पुन्हा गरम करताना मात्र ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह वापरावा, कारण स्लो कुकर थंड अन्नाला त्याच धोक्याच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळू देतो.