हळदीची पेढी आणि मेलची काळी यादी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीनं इंटरनेटचं कनेक्शन बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून व्यापाऱ्यांना पाठवलेली बिलं परत यायला लागली. परतीच्या प्रत्येक मेलवर ५५० हा आकडा, म्हणजे समोरच्या सर्व्हरनं मेल नाकारल्याची खूण, आणि पेढीचाच आयपी पत्ता, म्हणजे तिच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर. दिवाणजींचा चेहरा उतरला. "आपण कुणाचं काय बिघडवलंय ओ?" बिघडवलं काहीच नव्हतं, पण हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीला मेल सर्व्हर कुणाचंही टपाल न विचारता पुढं धाडायचे. जाहिरातवाल्यांनी त्या भाबडेपणाचा फायदा उठवून नको असलेल्या मेलचा, म्हणजे स्पॅमचा, मारा केला. तेव्हा १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी यांनी अमेरिकेत त्रास देणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये अशाच याद्या ठेवणारं स्पॅमहाउस उभं केलं.

यादी तपासायची युक्ती मला आजही फार आवडते. वेगळी यंत्रणा न उभारता त्यांनी डीएनएसच, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणाच, वापरली. पत्ता १९२.०.२.९९ असेल तर तो उलटा, ९९.२.०.१९२ असा लिहायचा, पुढं यादीचं नाव जोडायचं आणि विचारायचं. उत्तरच आलं नाही तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ आलं तर स्पॅमची नोंद, १२७.०.०.४ आलं तर बहुधा यंत्रात व्हायरस. (गुगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरवरून मात्र स्पॅमहाउसला विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही.)

पेढीच्या पत्त्याला आलं १२७.०.०.१०. याचा अर्थ, या पत्त्यांवरून थेट मेल जाऊ नये असं इंटरनेट कंपनीनंच कळवून ठेवलंय. २००३ च्या सोबिगसारख्या व्हायरसांनी घरोघरचे कॉम्प्युटर स्पॅम ओकायला लावले होते. त्यानंतर घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते असे सरसकट बाजूला काढले गेले. पेढीचं नवं कनेक्शन त्यातलंच, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर मेल थेट पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, टाकत होतं.

व्हायरस असेल तर आधी तो काढायचा, मगच नाव काढायचा अर्ज. उलट केलं तर पत्ता पुन्हा यादीत येतो. इथं अर्जाचीही गरज नव्हती. पाठवणाऱ्यासाठी पोर्ट ५८७ ची वेगळी वाट १९९८ मध्येच ठरलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये मेल कंपनीच्या सर्व्हरचं नाव, ५८७ आणि पासवर्ड भरला. दिवाणजींनी पहिलं बिल इंदूरच्या मसालेवाल्याला पाठवलं आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.