अलैंगिक ते लैंगिक: मधल्या छटा आणि त्या मोजताना होणारे घोटाळे

अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ० ते ६ अशी एक पट्टी होती. ० म्हणजे पूर्णपणे भिन्नलिंगी, ६ म्हणजे पूर्णपणे समलिंगी. पण मुलाखतींत काही माणसं अशी निघाली की ती या पट्टीवर कुठेच बसेनात. त्यांचे कुणाशी संबंध नव्हते आणि कुणाबद्दल लैंगिक प्रतिसादही नव्हता. त्यांच्यासाठी ‘एक्स’ असा वेगळा गट करण्यात आला. आकर्षण कोणाकडे वाटतं हे त्या पट्टीवर मांडता येत होतं, किती वाटतं हे मांडायला तिच्यावर जागाच नव्हती.

ती जागा १९८० साली मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञानं करून दिली. त्यानं एका पट्टीऐवजी दोन अक्ष घेतले: स्त्रियांबद्दलचं आकर्षण एका अक्षावर, पुरुषांबद्दलचं दुसऱ्यावर. दोन्ही जास्त असतील तर उभयलिंगी, दोन्ही कमी असतील तर अलैंगिक (असेक्शुअल). आकर्षण असं कमी-जास्त मोजायचं ठरलं की शून्यापासून पुढे सलग उतार तयार होतो, आणि त्या उतारावर कुठेही माणसं असू शकतात. याच मधल्या पट्ट्याला आज ग्रे-असेक्शुअल किंवा नुसतं ‘ग्रे’ म्हणतात.

पुढे जाण्याआधी चार गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, कारण निम्मे गैरसमज त्यांची सरमिसळ झाल्यानं होतात. लैंगिक आकर्षण म्हणजे एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडे पाहून तिच्याशी शरीरसंबंध हवासा वाटणं. कामेच्छा ही त्याहून वेगळी. ती कुणाच्याही दिशेनं नसू शकते. शारीरिक उत्तेजना हा रक्तप्रवाह आणि मज्जासंस्थेचा प्रतिसाद. आणि रोमँटिक ओढ म्हणजे कुणाच्या प्रेमात पडणं, त्याच्यासोबत आयुष्य काढावंसं वाटणं. बहुतेक माणसांत ही चारही सूत्रं एकत्र वळलेली असतात, म्हणून ती वेगळी असू शकतात हे लक्षातच येत नाही. अलैंगिक व्यक्तीत ती सुटी दिसतात. प्रेम भरपूर, आकर्षण नाही. किंवा कामेच्छा आहे, हस्तमैथुनही आहे, पण मनात समोर कुणीच नाही. ब्रह्मचर्य या यादीत बसत नाही, कारण तो वर्तनाबद्दलचा निर्णय आहे. आकर्षण तीव्र असूनही माणूस तो घेऊ शकतो.

ही सूत्रं खरोखर सुटी असतात याचा प्रयोगशाळेतला पुरावाही आहे. लोरी ब्रोटो आणि मोरॅग यूल या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या लैंगिक कलाच्या स्त्रियांना कामुक चित्रफिती दाखवून जननेंद्रियांतला रक्तप्रवाह मोजला. अलैंगिक स्त्रियांचा शारीरिक प्रतिसाद इतरांसारखाच होता. यंत्रणा शाबूत होती. तिच्यापासून ‘मला ही व्यक्ती हवी’ इथपर्यंत जाणारा रस्ता मात्र नव्हता. ‘तपासून घ्या, शरीरात काहीतरी बिघाड असेल’ असं परस्पर सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात घ्यावा.

आता मधल्या छटांकडे. ग्रे या शब्दात निदान तीन वेगळे अनुभव सामावतात. काहींना आकर्षण वाटतं, पण वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी. काहींना वाटतं, पण इतकं पुसट की त्यावर काही करावंसं वाटत नाही. काहींना ठरावीक परिस्थितीतच वाटतं. हे तिन्ही एकाच नावाखाली ढकलणं संशोधनाच्या दृष्टीनं फारसं बरं नाही, कारण पहिल्यात वारंवारता कमी आहे, दुसऱ्यात तीव्रता आणि तिसऱ्यात अट आहे.

डेमीसेक्शुअल ही या अटीच्या प्रकारातली सर्वांत परिचित छटा. हा शब्द २००६च्या सुमारास असेक्शुअल लोकांच्या ऑनलाइन चर्चांतून आला. डेमी व्यक्तीला घट्ट भावनिक नातं तयार झाल्याशिवाय लैंगिक आकर्षण निर्माणच होत नाही. इथे हमखास ऐकू येणारा आक्षेप असा: ‘यात विशेष काय, पुष्कळ लोक ओळख झाल्याशिवाय पुढे जात नाहीत.’ पण असे लोक अनोळखी व्यक्तीकडे आकर्षित होतात आणि थांबतात. डेमी व्यक्तीला थांबवण्यासारखं काही जाणवतच नाही. शिवाय नातं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. दहा जिवलग मित्रमैत्रिणी असल्या तरी त्यांतल्या कुणाबद्दलही आकर्षण वाटेलच असं नाही. आणि नातं तुटलं की डेमी व्यक्ती बरेचदा पुन्हा शून्यावर येते.

याखेरीज फ्रेसेक्शुअल (ओळख वाढली की आकर्षण ओसरतं), लिथोसेक्शुअल (आकर्षण वाटतं, पण समोरून प्रतिसाद नको असतो) अशी बरीच नावं आहेत. स्वतःचा अनुभव नेमका सांगायला ती उपयोगी पडतात. पण त्यांना विज्ञानातले स्वतंत्र प्रकार समजणं घाईचं होईल.

अशा माणसांची मोजदाद करताना काय बिनसतं ते पाहण्यासारखं आहे. अँथनी बोगार्ट या संशोधकानं २००४ साली ब्रिटनमधल्या १८,००० हून अधिक लोकांच्या सर्वेक्षणातली उत्तरं तपासली. ‘मला कधीच कुणाबद्दलही लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही’ हा पर्याय सुमारे १ टक्का लोकांनी निवडला होता. तेव्हापासून हा १ टक्का सगळीकडे फिरतो आहे. पण प्रश्नातला ‘कधीच’ पाहा. चाळीस वर्षांत एकदाच आकर्षण वाटलेली व्यक्ती इथे थेट दुसऱ्या रकान्यात जाते. म्हणजे हा आकडा उताराच्या अगदी टोकाचा आहे, संपूर्ण उताराचा नव्हे.

दुसरं साधन म्हणजे २०१५ साली प्रसिद्ध झालेली १२ विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १२ ते ६०. गुण जितके जास्त, तितकी व्यक्ती अलैंगिक टोकाच्या जवळ. सीमारेषा ४० ची. स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक या रेषेनं बरोबर ओळखले गेले आणि इतरांपैकी ९५ टक्के बरोबर वगळले गेले. ऐकायला छान वाटतं. आता हीच प्रश्नावली १०,००० लोकांना भरायला दिली असं समजा. १ टक्का धरला तर त्यांत १०० अलैंगिक, त्यांतले ९३ सापडतील. उरलेल्या ९,९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ लोक चुकून रेषेपलीकडे जातील. ४० च्या वर गुण मिळवणाऱ्या ५८८ जणांत खरे अलैंगिक १६ टक्केच! त्यामुळे ही प्रश्नावली अभ्यासासाठी सहभागी निवडायला ठीक. ‘गुण ४२ आले, म्हणजे मी अलैंगिक’ असा निकाल तिच्यावरून लावू नये. ग्रे आणि डेमी लोकांचे गुण तर बरेचदा या रेषेच्या आसपासच घुटमळणार.

इच्छा किंवा आकर्षण कमी आहे म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘केव्हापासून’ हा असायला हवा. पूर्वी इच्छा होती आणि आता गेली, तर कारण शोधायचं: नैराश्य, थायरॉइडचा विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, पुरुषांत कमी टेस्टोस्टेरॉन (त्याचा नमुना सकाळी घेतात), मधुमेह, आणि औषधं. एसएसआरआय गटातली नैराश्यावरची औषधं यात ठळक. ती मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलून डोस किंवा औषध बदलता येतं. मुलींत १३ व्या आणि मुलांत १४ व्या वर्षापर्यंत तारुण्याची शारीरिक चिन्हं दिसली नाहीत, तर तपासणी हवीच. त्याचा लैंगिक ओळखीशी संबंध नाही. पण वयात येणं नीट झालं, तब्येत उत्तम आहे आणि आकर्षण आधीपासूनच असं आहे, तर संप्रेरकांच्या चाचण्यांतून सहसा काही हाती लागत नाही.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत कामेच्छा कमी असण्याच्या विकारासाठी साधारण ६ महिन्यांचा काळ आणि त्या व्यक्तीला स्वतःला होणारा लक्षणीय त्रास, या दोन्ही अटी आहेत. व्यक्ती स्वतःला अलैंगिक म्हणवत असेल आणि इच्छेच्या अभावाचा उलगडा त्यावरून होत असेल, तर हे निदान करायचं नाही, असंही त्यात म्हटलं आहे. यातली फट अशी की सवलत स्वतःच्या ओळखीवर टांगलेली आहे. ज्या व्यक्तीनं हा शब्दच ऐकलेला नाही, ती ‘माझ्यात काहीतरी चुकतंय’ म्हणून त्रस्त होऊन येते आणि दोन्ही अटी पूर्ण करते. म्हणून त्रास कशाचा आहे, इच्छा नसल्याचा की जोडीदाराच्या आणि घरच्यांच्या दबावाचा, हे वेगळं विचारावं लागतं.

जोडीदारांमध्येही ‘तुला मी आवडत नाही का?’ या एकाच प्रश्नात चारही सूत्रं गुंतलेली असतात, म्हणून त्याचं खरं उत्तर देता येत नाही. सुटे प्रश्न जास्त कामाचे: कोणता स्पर्श सुखाचा वाटतो, कोणता चालतो, कोणता नकोच, आजचा नकार आजपुरता आहे की कायमचा, सुरुवात कुणी केलेली बरी वाटते. काही अलैंगिक लोकांना शरीरसंबंधाची शिसारी असते, काहींना त्याचं काहीच वाटत नाही, आणि काही जण जवळिकीसाठी किंवा मूल हवं म्हणून तो आनंदानं स्वीकारतात. एकाच माणसात हे काळानुसार बदलूही शकतं, त्यामुळे एकदा मिळालेलं उत्तर वर्षभरानं पुन्हा विचारून घ्यावं.